दर उद्योगाला मारत नाही, वळवतो

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि सरकारी आरोग्य विमा यांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. सरकार शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरवते, त्या पॅकेजमध्येच लेन्सची किंमत बसवायची असते, म्हणून रुग्णालये स्वस्तातली स्वस्त लेन्स घेतात. लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांना त्यामुळे नफा उरत नाही, संशोधन थांबते, आणि शेवटी नुकसान रुग्णाचे होते. यावर उपायही तयार असतो : दर वाढवा, नाहीतर वरचा फरक रुग्णाला भरू द्या. अमेरिकेत मेडिकेअरने हेच केले आणि तिथे नव्या लेन्सची बहार आली, असा दाखला सोबत दिला जातो.

हा युक्तिवाद करणारे सगळेच स्वार्थी असतात असे मला वाटत नाही. त्यांच्यात चांगले नेत्रतज्ज्ञ आहेत, प्रामाणिक उद्योजक आहेत. पण युक्तिवाद चुकीचा आहे, आणि ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो तिचाच इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो. सरकारी दराने लेन्सचा उद्योग मेल्याचे उदाहरण मला त्या इतिहासात सापडत नाही. दराने उद्योग वळल्याची उदाहरणे मात्र एकामागून एक सापडतात. म्हणून दर किती, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. तो दर उद्योगाला कुणाच्या डोळ्यांकडे वळवतो, हे आधी विचारले पाहिजे.

सुरुवात लेन्सच्या जन्मापासून करू. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. लढाऊ विमानांच्या काचछताचे पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यात घुसूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी युद्धकाळात पाहिले होते. त्यातून ही कल्पना आली. लेन्स घडवून दिली रेनर या ब्रिटिश कंपनीने, आणि रिडली यांनी तिचे पेटंट घेतले नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली होती ५ जुलै १९४८ रोजी, म्हणजे जेमतेम दीड वर्ष आधी. नेत्रशस्त्रक्रियेतला शतकातला सर्वांत मोठा शोध लागला तो रुग्णाकडून पैसे न घेणाऱ्या सरकारी व्यवस्थेत. पुढे कित्येक वर्षे त्या शोधाची वाट अडवली ती रिडली यांच्याच व्यवसायबंधूंनी. डोळ्यातून काहीतरी काढायचे असते, घालायचे नसते, या समजुतीतून तो विरोध आला होता. पैसे देणाऱ्या सरकारचा त्यात काही हात नव्हता.

आता अमेरिकेकडे येऊ. मेडिकेअर हा प्रामुख्याने ६५ वर्षांवरील नागरिकांचा सरकारी विमा आहे, आणि मोतीबिंदू हा मुख्यतः त्याच वयाचा आजार. त्यामुळे तिथल्या लेन्सच्या बाजारात मेडिकेअर हाच सर्वांत मोठा पैसे देणारा. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात लेन्सच्या किमतीवर त्याचा फारसा अंकुश नव्हता. जे बिल येईल त्याच्या आधारे परतावा मिळे. हे वातावरण संशोधनाला पोषक ठरायला हवे होते. प्रत्यक्षात काय झाले? १९८५ साली लोकप्रतिनिधी क्लॉड पेपर यांच्या पुढाकाराने अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे जी सुनावणी झाली, तिचा विषयच मोतीबिंदू शस्त्रक्रियेतील लूट हा होता. आपल्याच कंपनीची लेन्स वापरावी म्हणून शल्यचिकित्सकांना दिली जाणारी प्रलोभने त्या सुनावणीत चव्हाट्यावर आली. दर मोकळा होता तेव्हा स्पर्धा लेन्सच्या गुणांपेक्षा डॉक्टरांना खूश करण्यात लागली होती.

त्यानंतर दर बांधले गेले. रुग्णाला त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या शस्त्रक्रिया केंद्रांसाठी १९९० साली लेन्सची रक्कम २०० डॉलर ठरली. १९९३च्या कायद्याने ती खाली आणून १ जानेवारी १९९४पासून १५० डॉलर केली. ‘दर कमी म्हणजे संशोधन बंद’ हे सूत्र खरे असेल, तर १९९४नंतर अमेरिकेत नवी लेन्स यायला नको होती. आणि नेमक्या १९९४ सालीच अल्कॉन कंपनीच्या ॲक्रिसॉफ या लेन्सला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. ही दुमडून बसवायची, पाणी न शोषणाऱ्या ॲक्रिलिकची लेन्स. छोट्या छेदातून आत जाणारी, आणि लेन्सच्या मागे पडदा धरण्याचे प्रमाण कमी करणारी. पुढे ती जगात सर्वाधिक बसवल्या गेलेल्या लेन्सपैकी एक झाली. दीडशे डॉलरच्या काळात ती मेली नाही, वाढली. कारण साधे आहे : दर बांधलेला असला तरी दरवर्षी लाखो शस्त्रक्रियांची खात्री त्याच सरकारी विम्याने दिली होती. कारखाना चालतो तो एका नगावरच्या नफ्यावर आणि नगांच्या संख्येवर. संख्या कुणामुळे मिळते, ते युक्तिवाद करणारे सांगत नाहीत.

अमेरिकी कायद्याने नव्या लेन्ससाठी दारही ठेवले होते, हे क्वचितच सांगितले जाते. १९९४च्या दुरुस्तीनुसार ‘नव्या तंत्रज्ञानाची लेन्स’ असा वर्ग तयार झाला. आधीच्या लेन्सपेक्षा आमची लेन्स रुग्णाला अधिक लाभ देते, हे कंपनीने पुराव्यानिशी दाखवायचे. पटले तर प्रत्येक लेन्समागे ५० डॉलर जादा, पाच वर्षांसाठी. २००० साली दोन लेन्सना हा लाभ मिळाला, एक बहुकेंद्री आणि एक तिरप्या नंबरासाठीची टोरिक. २००६ साली गोलीय दोष कमी करणाऱ्या लेन्सच्या वर्गाला मिळाला, त्याची मुदत २०११ साली संपली. त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांच्या सरकारी नियमावलीत या वर्गासाठी एकही अर्ज आला नाही, अशीच नोंद आढळते. दार उघडे होते आणि आत यायला कुणी नव्हते. याचे कारण दराच्या तुटपुंजेपणात शोधण्याआधी २००५ साली काय घडले ते पाहावे लागते.

३ मे २००५ रोजी मेडिकेअर चालवणाऱ्या यंत्रणेने एक निर्णय जाहीर केला. जवळचे वाचन चष्म्याशिवाय जमावे अशी लेन्स रुग्णाने मागितली, तर साध्या लेन्सचा खर्च मेडिकेअर देईल आणि त्यावरची रक्कम रुग्णाने भरावी. अशा लेन्सपैकी क्रिस्टालेन्स २००३ साली बाजारात आली होती, २००५च्या मार्चमध्ये रीस्टोरला मान्यता मिळाली होती. २००७ साली हीच सवलत तिरप्या नंबरासाठीच्या टोरिक लेन्सला दिली गेली. या दोन निर्णयांनी उद्योगाचे तोंडच फिरले. पन्नास डॉलरसाठी पुरावा घेऊन सरकारपुढे उभे राहायचे, की रुग्णाच्या खिशातून एका डोळ्यामागे हजार-दोन हजार डॉलर किंवा त्याहून अधिक घ्यायचे? कोणती कंपनी पहिला रस्ता धरेल? कंपन्यांना मी दोष देत नाही. त्यांना जो रस्ता आखून दिला त्यावरून त्या गेल्या.

त्या रस्त्यावर खरी प्रगती झाली, हेही मान्य करतो. आजच्या बहुकेंद्री लेन्स पहिल्या पिढीच्या मानाने पुष्कळ सुधारल्या आहेत. ज्याला चष्मा नको आणि ज्याला परवडते, त्याची त्यांनी सोय केली. पण ही प्रगती चष्मा टाळण्याची आहे. आंधळेपण टाळण्याची नव्हे. या लेन्समध्ये काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, मंद उजेडात फरक ओळखण्याची क्षमता थोडी घटते; काचबिंदूने डोळ्याची नस किंवा मधुमेहाने दृष्टिपटल दुखावलेल्यांना त्या सहसा सुचवल्या जात नाहीत. म्हणजे ज्यांची नजर सर्वांत जास्त धोक्यात, त्यांच्यासाठी हा नवा माल नाहीच. अमेरिकेत बहार आली ती या बाजूला आली. दाखला देताना एवढे तरी सांगायला हवे.

काचबिंदूच्या बारीक नळ्यांची कहाणी ताजी आहे आणि अधिक बोलकी आहे. ग्लॉकोस कंपनीच्या आयस्टेंटला २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतच डोळ्याच्या निचऱ्याच्या वाटेत ही सूक्ष्म नळी बसवतात, दाब उतरतो. मेडिकेअरने त्यासाठी डॉक्टरांना वेगळा मोबदला दिला आणि धंदा भराभर वाढला. जुलै २०२१मध्ये पुढच्या वर्षाच्या दरांचा मसुदा आला. त्यात या नळीसाठी डॉक्टरांचा जादा मोबदला उतरून सुमारे ३४ डॉलरवर आणण्याचा प्रस्ताव होता. कंपनीचा शेअर धाडकन पडला. आता संशोधन संपले, असे तेव्हा सांगितले गेले. संपले का? त्याच कंपनीने डिसेंबर २०२३मध्ये आयडोस टीआरला मान्यता मिळवली. ही टायटॅनियमची सूक्ष्म कुपी डोळ्यात बसते आणि काचबिंदूचे औषध हळूहळू सोडत राहते. तेव्हा तिची जाहीर किंमत १३,९५० डॉलर होती. मेडिकेअरच्या नियमानुसार डॉक्टरांकडून दिल्या जाणाऱ्या अशा औषधांचे पैसे शस्त्रक्रियेच्या पॅकेजबाहेर, सरासरी विक्री किमतीवर सहा टक्के चढवून मिळतात. नळी पॅकेजमध्ये कोंबली गेली आणि औषधाला पॅकेजबाहेर वाट मोकळी राहिली. मग उद्योग औषधाकडे वळला तर नवल ते काय! कुपी चांगली असेल, अनेकांचे थेंब घालण्याचे कष्ट तिने वाचतीलही. पण ‘दर कापला की उद्योग मरतो’ या विधानाला यातून दुजोरा मिळत नाही. दराचे दोन नियम शेजारी असतील, तर उद्योग त्यातल्या फायद्याच्या नियमाकडे जातो, एवढेच यातून सिद्ध होते.

आता आपल्याकडे वळू, कारण हा वाद शेवटी इथल्या दरांसाठी चालला आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. सुरुवातीची दोन दशके आपल्याकडे बहुतेक शिबिरांत मोतीबिंदू काढून जाड काचांचा चष्मा दिला जाई. चष्मा फुटला किंवा हरवला की माणूस पुन्हा आंधळा. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्रही होता. लेन्स बसवण्याची शस्त्रक्रिया सामान्य माणसापर्यंत नेणे हा त्याचा एक गाभा होता. त्या वेळी आयात लेन्सला शंभर डॉलरच्या आसपास पडत. सरकारने त्या किमतीला लेन्स घ्यावी, म्हणजे परदेशी कंपन्यांचे संशोधन चालू राहील, असा सल्ला कुणी मानला असता तर काय झाले असते?

मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दुसरा मार्ग घेतला. १९९२ साली ऑरोलॅब हा लेन्सचा कारखाना उभा राहिला. लेन्सची किंमत सुमारे दहा डॉलरवर आली, आणि पुढे त्याहूनही खाली गेली. आज त्यांची लेन्स शंभराहून अधिक देशांत जाते. हा कारखाना कमी दरातच जन्मला आणि कमी दरातच वाढला. कमी दराने लेन्सचा उद्योग टिकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी मदुराईचे उत्तर द्यावे.

‘पण दर्जा?’ हा पुढचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मोजमापात आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर झालेली तुलनात्मक चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. एका गटात यंत्राने करायची फेको शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटात छोट्या छेदाची, हाताने करायची स्वस्त शस्त्रक्रिया. सहा आठवड्यांनी योग्य चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर दोन्ही गटांत ९८.४ टक्के डोळ्यांना होती. चष्म्याशिवाय मात्र फेकोत ८१ टक्के आणि दुसऱ्या गटात ७१ टक्के. या आकड्यांतून दोन्ही बाजूंनी शिकावे. स्वस्त शस्त्रक्रिया म्हणजे टाकाऊ शस्त्रक्रिया, हे खोटे ठरते. आणि ज्याच्याकडे चष्म्याचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी दहा टक्क्यांचा फरक लहान नाही, हेही खरे ठरते. असा फरक मोजून त्यानुसार दर ठरवणे, हे विमा देणाऱ्याचे काम.

लेन्सच्या कडेचे उदाहरण यापेक्षा स्पष्ट आहे. लेन्स बसवल्यावर काही वर्षांनी तिच्या मागे पडदा धरतो, नजर पुन्हा धूसर होते, लेझरने तो पडदा फोडावा लागतो. गावातल्या माणसाला त्यासाठी पुन्हा तालुका, पुन्हा जिल्हा, पुन्हा बुडलेली मजुरी. लेन्सची कड गोल ठेवण्याऐवजी चौकोनी ठेवली तर पडदा धरण्याचे प्रमाण घटते, हे साध्या, कडक, न दुमडणाऱ्या लेन्सच्या बाबतीतही दीर्घ पाठपुराव्याच्या अभ्यासातून दिसले आहे, आणि तो अभ्यास मदुराईचाच आहे. कडेची ही सुधारणा चैनीची नाही. तिला हजारो डॉलर लागले नाहीत. गरिबाच्या डोळ्यासाठी संशोधन कसे दिसते, ते हे असे दिसते. आपल्या योजनांच्या दरपत्रकाने या सुधारणेला वेगळे ओळखले पाहिजे. गोल कडेच्या आणि चौकोनी कडेच्या लेन्सला एकच पैसा मिळत असेल, तर चांगली लेन्स करणाऱ्याला त्यातून काय निरोप जातो?

चीनने तर संख्येचे बळ उघडपणे वापरले. २०२३च्या अखेरीस तिथे राष्ट्रीय पातळीवर लेन्सची एकत्रित खरेदी झाली. सरासरी किंमत सुमारे साठ टक्क्यांनी उतरली, आणि बदल्यात कंपन्यांना खरेदीचे प्रमाण आधी सांगितले गेले. मोठ्या परदेशी कंपन्यांनीही त्यात भाग घेतला. चीनची प्रत्येक गोष्ट आपण उचलावी असे मी म्हणत नाही. पण साठ टक्के घसरलेल्या दरातही ज्यांना धंदा करावासा वाटला, त्यांच्या ‘परवडत नाही’ या वाक्याचा हिशेब मागायला हरकत नाही.

राहिला ‘वरचा फरक रुग्णाला भरू द्या’ हा उपाय. २००५च्या अमेरिकी निर्णयातही एक अट होती : महागडी लेन्स मागण्याची सक्ती डॉक्टरने रुग्णावर करू नये. ज्या देशात अशी अट लेखी घालावी लागली, तिथले निवृत्त नागरिक तुलनेने सुस्थितीत आणि कायद्याचा आधार घेणारे आहेत. आपल्याकडे आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, ती कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कॅशलेस उपचार देण्यासाठी. लाभार्थी म्हणजे प्रामुख्याने शेतमजूर, घरकाम करणारी बाई, बांधकामावरचा गवंडी. शस्त्रक्रियेच्या सकाळी, डोळ्यात थेंब घालून बसलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला ‘योजनेतली लेन्स साधी आहे, चांगली हवी तर एवढे भरा’ असे सांगितले, तर तो काय विचारून निवड करणार? त्याचा मुलगा सावकाराकडे जाईल. आणि एकदा ‘चांगली’ लेन्स योजनेबाहेर गेली की योजनेतली लेन्स सुधारण्याची घाई कुणालाच राहणार नाही. अमेरिकेत रिकामी राहिलेली अर्जांची यादी हेच सांगते. ज्यांना परवडते त्यांनी योजनेबाहेर हवी ती लेन्स खुशाल घ्यावी. गरिबांच्या विम्यात मात्र हे दार उघडू नये.

उद्योगाच्या काही तक्रारी मात्र शंभर टक्के खऱ्या आहेत, आणि त्या मी त्यांच्याइतक्याच जोराने मांडेन. ठरलेला दर वेळेवर मिळत नसेल तर तो दर नव्हेच. थकबाकीच्या कारणावरून २०२५ साली हरियाणातील खासगी रुग्णालयांनी आयुष्मान योजनेतील उपचार थांबवले होते. रुग्णालयाचे पैसे अडकले की लेन्स पुरवणाऱ्याचेही अडकतात. मोठी कंपनी तग धरते, लहान देशी उत्पादक मोडतो. निविदेत गुणवत्तेचा निकष ढिला आणि किंमत एकटीच निर्णायक असेल, तर चांगला उत्पादक हरतो आणि कामचलाऊ उत्पादक जिंकतो. दर वर्षानुवर्षे जागचा हलत नसेल, तर महागाई त्याला आपोआप कापत जाते. या तिन्ही गोष्टी सरकारच्या हातात आहेत. यांवर उद्योगाने आंदोलन करावे, आम्ही सोबत उभे राहू. पण या तिन्ही तक्रारींचा उपाय ‘रुग्णाकडून घ्या’ हा नाही.

विमा चालवणाऱ्यांकडे म्हणूनच माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पैसे ठरलेल्या मुदतीत द्या आणि उशीर झाला तर व्याज द्या. दरपत्रकात लेन्सचा पदार्थ, कड आणि निर्मितीचा दर्जा यांची किमान अट लिहा. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांची नजर नोंदवणे सक्तीचे करा, आणि मागे पडदा किती जणांना धरला याची लेन्सनिहाय नोंद ठेवा. २००५ मधले वैद्यक साधनांचे नियंत्रण आणि २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम यांनी लेन्स कायद्याच्या कक्षेत आधीच आणली आहे, नोंदीची सवय लावणे आता अवघड नाही. ज्या लेन्सचे निकाल चांगले, तिला जादा दर द्या, मोकळ्या मनाने द्या. वर्षाची खरेदी किती असेल ते उत्पादकाला आधी सांगा. आणि दर दोन वर्षांनी दराचा जाहीर आढावा घ्या.

२०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढच्या भारतीयांतील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू होते. म्हणजे आपल्याकडचे या वयातले दोनतृतीयांश आंधळेपण एका छोट्या शस्त्रक्रियेने आणि एका चांगल्या साध्या लेन्सने जाण्यासारखे आहे. उद्योग पैशाच्या मागे जाणार, हे गृहीत धरून चालू. सार्वजनिक पैसा आपला आहे, तेव्हा त्याची दिशा ठरवण्याचा अधिकारही आपला आहे. तो अधिकार ‘दर वाढवा नाहीतर संशोधन मरेल’ या धाकाखाली कुणी सोडून देऊ नये. चांगल्या निकालाला चांगला दर आणि वेळेवर पैसा, एवढे सरकारने पाळले तर लेन्स बनवणारे याच डोळ्यांसाठी लेन्स बनवतील.